तीन हात लांबून

आईनं आधी चमचा पाहिला, मग चमचा धरणारा हात पाहिला आणि मग मान वर करून चेहरा पाहिला. चेहरा दिसल्याबरोबर तिनं मान खाली घातली, गाऊनच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हो सासूबाई. पोर घरी आली की जेवते."

"आई, अगं मीच ती. मीच तुझी पोर."

"हो सासूबाई."

पालथ्या घड्यावर पाणी. चष्मेवालीनं चमचा वाटीत ठेवला. सूप पुन्हा गार झालं होतं.

चष्मेवाली हे काही तिचं नाव नव्हे, पण बाजारात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात तिचा जन्म गेला होता. वय अठ्ठावन्न. लग्नाचं जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणून ती रडत बसली नाही. घरात ती आणि एक्याऐंशी वर्षांची आई, दोघीच. सगळं बरं चाललं होतं. मग आईला विसर पडायला लागला. आधी कालचं गेलं, मग गेल्या वर्षीचं गेलं, आणि आता ती जाऊन थांबली होती अशा एका काळात, जिथे तिची पोर वीस वर्षांची होती, सकाळी उपाशीच घराबाहेर पडली होती आणि अजून परतली नव्हती. पोर उपाशी आणि आईनं जेवायचं? छे, नावच नको.

इथवरही एक वेळ निभावलं असतं. पण म्हातारपणी माणसाचं तोंड कुणावर जावं याला काही कायदा नाही. चष्मेवालीचं गेलं थेट आजीवर, बापाच्या आईवर. तेच बारीक ओठ, तेच ओघळलेले गाल, भुवयांच्या मधली तीच उभी आठी. या आजीला ती लहानपणी पाठीमागे जमादारीण म्हणायची. घरात पाय आपटत चालायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, जमादारणीच्या आधी ताटावर बसायचं नाही. म्हातारी मरून पंचवीस वर्षं होऊन गेली होती. पण सुंभ जळला तरी पीळ जातो कुठे? तो पीळ चष्मेवालीच्या तोंडावर येऊन बसला होता, आणि आईला रोज तिन्ही त्रिकाळ सासूच चमचा घेऊन समोर दिसत होती.

कामाला येणाऱ्या बाईच्या हातून सुरुवातीला दोन घास जायचे. मग तेही बंद झाले. "पोर आली की" एवढंच. आईच्या गळ्याची हाडं वर आली, मनगटातून बांगडी निसटायला लागली. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण दिवसभरात अशी पन्नास म्हातारी माणसं बघणाऱ्याला प्रत्येकासाठी नवा आवाज कुठून आणता येणार?

"उद्या सकाळी दाखल करा," ते म्हणाले होते. "नाकातून नळी घालू. नळी ओढून काढतात अशी माणसं, त्यामुळे हात पलंगाला बांधावे लागतील. थोडे दिवस."

"आज जेवली तर?"

"आज एक वाटी पोटात गेली आणि उद्याही जाईल असं तुम्हाला वाटलं, तर नळीचं नंतर बघू. पण जाईल का?"

चष्मेवालीच्या डोक्यात नळी राहिली नाही, हात राहिले. अंधाराला घाबरणारी, स्वतःच्या सावलीला वाट देणारी तिची आई, आणि तिचे हात कुणीतरी पलंगाला बांधतंय. का बांधलेत हे तिला कळणारसुद्धा नाही. तिला वाटेल, सासूनंच बांधलेत.

दुपारची वाटीही तशीच परत गेली तेव्हा तिनं आईला कामवाल्या बाईच्या हवाली केलं, चपला पायात सरकवल्या आणि दुकानाचा रस्ता धरला. दुकान मात्र उघडलं नाही. दुकानाच्या समोर पार्लर होतं आणि त्यावर मोठी पाटी: "पन्नाशी ओलांडली? वय आमच्यावर सोडा!" ही पाटी ती कितीतरी वर्षं समोर बसून वाचत आली होती आणि मनातल्या मनात हसत आली होती. आज हसू आलं नाही.

पार्लरवाली तिच्याच वयाची, अंगानं भरलेली, तोंडाची फटकळ. तिच्याकडे सगळी गिऱ्हाइकं पन्नाशीच्या पुढची. कुणाच्या मुलाचं लग्न असायचं, कुणाच्या नवऱ्याची नजर दुसरीकडे वळलेली असायची. पार्लरवाली कुणालाच हसायची नाही आणि कुणालाच खोटं सांगायची नाही, म्हणून तिचा धंदा चालायचा.

"किती वर्षं कमी करायची?" तिनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"अडतीस."

पार्लरवालीनं हातातला ब्रश खाली ठेवला. "का गं? पळून जातेयस का कुणाबरोबर?"

चष्मेवालीनं सांगितलं. नळीचं सांगताना आवाज नीट होता, हातांचं सांगताना बिघडला. पार्लरवालीनं मग थट्टा केली नाही. तिनं चष्मेवालीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, आणि सुस्कारा टाकला.

"नीट ऐक. तीन हात लांबून मी वीस-पंचवीस वर्षं काढते. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. हातभर अंतरावर दहा. आणि त्याहून जवळ कुणी आलं, की माझं काही चालत नाही. तिथे सुरकुती ती सुरकुतीच."

"भरवायला जवळ जावंच लागेल."

"तुझ्या आईची नजर कशी आहे?"

"चष्मा लावला की लख्ख. मीच दिलाय," चष्मेवाली म्हणाली. मोतीबिंदू काढल्यावर तिनं स्वतः आईचा नंबर तपासला होता, स्वतः काचा घासल्या होत्या, चष्मा नाकावर किंचितही घसरू नये म्हणून दांड्या स्वतःच्या हातानं वाकवल्या होत्या. बाजारात कुणालाही दिली नसेल इतकी स्वच्छ नजर तिनं आईला दिली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

"मग काढून ठेव ना चष्मा," पार्लरवाली म्हणाली.

"काढून पाहिला. चष्मा नसला की तिला सगळेच परके वाटतात. किंचाळते मग. संध्याकाळी तर फारच."

"संध्याकाळी म्हणजे?"

"उजेड कमी झाला की तिचा जीव घाबरा होतो. मग काही ऐकत नाही, कुणाचंच."

पार्लरवालीनं बाहेर पाहिलं. ऊन समोरच्या दुकानाच्या पायरीवर उतरलं होतं. तिनं काही न बोलता पेटी भरायला घेतली. "घरीच करू. जिथे दिसायचं तिथल्याच उजेडात रंगवायचं असतं. इथल्या दिव्याखाली तू अप्सरा दिसशील आणि घरी जाईपर्यंत भूत होशील. तेव्हाचा फोटो आहे का?"

फोटो होता. कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलेला. दोन वेण्या, जाड भुवया, पांढऱ्या कॉलरचा ब्लाउज, आणि जग जिंकायला निघाल्यासारखी वर केलेली हनुवटी. चष्मेवालीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. जमादारीण म्हणाली, "नाही." एवढंच म्हणाली. बाप गप्प बसला, त्याची सवयच तशी. पण चष्मेवाली पाहत होती आईकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कोरडे हात कपड्याला पुसत होती, पुसतच होती. तोंडातून ब्र काढला नाही तिनं. पुढे चष्मेवाली गावातच चष्म्यांचं काम शिकली. आईला आपण केव्हाच माफ केलं असं ती म्हणायची, पण केलं नव्हतं. आईची सगळी सेवा तिनं केली ती या न केलेल्या माफीसकट.

घरी आईच्या शेजारच्या खोलीत पार्लरवालीनं खुर्ची तीनदा हलवली, तेव्हा कुठे तिला हवा तसा उजेड मिळाला. "तिच्या खोलीत डावीकडून येतो ना? मग इथेही डावीकडूनच." चेहरा धुऊन झाला, क्रीम चोळून झालं. क्रीम मुरेपर्यंत थांबावं लागतं आणि पार्लरवाली थांबली. चष्मेवाली मात्र खिडकीकडे पाहत होती. ऊन भिंतीवरून घसरत चाललं होतं.

"हलू नकोस. वर बघ." डोळ्यांखालच्या काळ्या खड्ड्यांवर आधी नारिंगी छटा बसली, मग ओल्या स्पंजानं त्वचेच्या रंगाचा अगदी पातळ थर. "बायका काय करतात, वय लपवायला थरावर थर चढवतात. वर पावडर. पावडर म्हणजे म्हाताऱ्या चेहऱ्याची वैरीण. प्रत्येक सुरकुतीत जाऊन बसते आणि ही बघा म्हणून दाखवते. वय लपवायचं तर कमी लावायचं."

शेजारच्या खोलीतून हाक आली. "सासूबाई, पोर आली का हो?"

चष्मेवालीचे डोळे भरून आले आणि डाव्या डोळ्याखालचा नुकताच बसवलेला रंग वाहून गेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पार्लरवालीनं एक शिवी हासडली, सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"रडायचं असेल तर उद्या रड. आज मला परवडणार नाही."

मग तिनं पेटीतून पारदर्शक पट्ट्या काढल्या. बोटाच्या पेराएवढ्या, प्रत्येकीला बारीक इलॅस्टिकचा दोरा. एकेक पट्टी कानशिलावर केसांच्या कडेला चिकटवायची आणि दोरे डोक्यामागे केसांखाली करकचून बांधायचे. दोरा ताणल्याबरोबर गाल वर उचलले गेले आणि चष्मेवालीच्या तोंडून "आई गं" निघालं.

"नाटकातली युक्ती आहे ही. दुखतं, पण हनुवटीखालचं सगळं वर जातं. घाम येऊ देऊ नकोस, पट्टी सुटेल. मोठ्यानं बोलू नकोस, हसू नकोस. आणि हात तोंडाला लावलास तर तुझी माझी ओळख संपली."

भुवया तिनं फोटो बघून केसागणिक काढल्या, पूर्वीसारख्या जाड. काजळ डोळ्यात घातलं नाही, नुसतं पापण्यांच्या मुळाशी ठिपक्याठिपक्यानं बसवलं. गालांवरचा गुलाबी रंग गालाच्या फुगीर भागावर न लावता हाडावर, वरच्या अंगाला. पांढऱ्या केसांवर काळा फवारा मारून दोन वेण्या घातल्या आणि फोटोतल्यासारखा पांढऱ्या कॉलरचा ब्लाउज अंगात चढवायला लावला. मग तिनं एक बारीक ब्रश घेतला आणि तो चष्मेवालीच्या ओठांकडे आणला.

चष्मेवालीनं तोंड मागे घेतलं. "मी तेव्हा काही लावत नव्हते."

"मी लिपस्टिक लावतेय कुठे? वय झालं की ओठ पातळ होतात, कडा पुसल्या जातात. गेलेला रंग तुला परत देतेय. ओठ भरले नाहीत तर वरचं सगळं वाया."

"दिसलं तर?"

"तुला स्वतःला दिसणार नाही. पैज लाव."

पैज पार्लरवालीनं जिंकली असती. चष्मेवालीनं आरसा नाकापर्यंत आणून पाहिलं, रंग लावल्याचं कळत नव्हतं. इथेच चूक झाली आणि ती दोघींच्याही ध्यानात आली नाही.

मग तिनं आरसा लांब धरला. त्यात वीस वर्षांची पोर नव्हती. पण आजीही नव्हती. पस्तिशीची कुणी बाई होती, जिला पोर म्हणायला मनानं थोडा हात द्यावा लागला असता. चष्मेवालीला एकदम त्या बाईचा राग आला. का, ते कळलं नाही.

"पाठ ताठ ठेव," पार्लरवाली पुटपुटली. "मान वय सांगते आणि चाल त्याहून जास्त सांगते. बाह्या खाली. चमचा असा धर की तिला चमचा दिसेल, हात दिसणार नाही."

उजेड आता पिवळा पडला होता. कामवाल्या बाईनं गरम वाटी हातात दिली. चष्मेवालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती स्वतःच्या आईपुढे जायला भीत होती.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. चष्मेवाली दारातच थांबली. तीन हात अंतर, त्याहून एक बोट कमी नाही.

"आई, मी आले."

आईनं मान वर केली. चष्म्यामागचे डोळे आधी वेण्यांवर गेले, मग कॉलरवर, मग तोंडावर येऊन थांबले. थांबले ते हलेनातच. चष्मेवालीला कानशिलावरच्या पट्टीखाली घामाचा थेंब सुटल्यासारखं वाटलं. आईनं आता मान खाली घातली तर सगळं संपलं. मग उद्या सकाळी नळी आणि दोऱ्या.

"इतका उशीर?" आई म्हणाली.

दाराबाहेर पार्लरवालीनं भिंतीला पाठ टेकली.

"उशीर झाला गं," चष्मेवाली ओठ फारसे न हलवता म्हणाली.

"ये, बस इथे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." आईनं शेजारची जागा हातानं झटकली. किती महिन्यांनी त्या आवाजात भीती नव्हती! चष्मेवाली जवळ गेली. दोन हात अंतर राहिलं, मग एक. ती खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे तोंडावर उजेड कमी पडेल.

"तू खा आधी," ती म्हणाली. "मग मी खाते."

"आधी तू."

"मी खाल्लंय. मैत्रिणीकडे. शपथ."

आईनं तोंड उघडलं. चमचा आत गेला, घशाची घाटी हलली, घास खाली उतरला. चष्मेवालीनं दुसरा चमचा भरला. तोही गेला. वाटी अजून भरलेलीच होती, पण चष्मेवालीच्या मनात आता हिशेब सुरू झाला होता: असेच हळूहळू, घाई न करता, आणि उजेड जाण्याआधी. तिसरा चमचा तिनं उचलला तेव्हा आई पुढे झुकली. हातभर अंतर होतं ते वीतभर झालं. आईनं दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि तोंड थोडं वर उचललं.

"ओठाला काय लावलंयस?"

"काही नाही."

"लावलंयस. मला सांगतेस?"

आणि चष्मेवालीला आठवलं. हे कसं विसरलो आपण? जमादारणीच्या घरात रोज सकाळी बाहेर पडण्याआधी आई अशीच हनुवटी धरायची आणि तोंड तपासायची. पावडर नाही ना, काजळ नाही ना, ओठ कोरडे आहेत ना. कारण एकदा, तेरा-चौदा वर्षांची असताना, मैत्रिणीनं गंमत म्हणून तिच्या ओठांना रंग लावला होता आणि तो जमादारणीला दिसला होता. म्हातारीनं भांडी घासायच्या काथ्यानं तिचे ओठ घासले होते, रक्त येईपर्यंत. त्या दिवसापासून आईची नजर पोरीच्या ओठांवर पहारा करायला लागली. दुनियेला न दिसणारा रंग त्या एका बाईला दिसणारच होता, आणि आता तर तिला चष्माही पोरीनंच दिलेला होता.

"पूस," आई कुजबुजली. तिची पाचावर धारण बसली होती. "पूस आधी. ती आतच आहे. बघेल ती."

"आई, कुणी नाही गं आत. तू जेव."

"हळू बोल!" आईनं उशाचा टॉवेल ओढला, पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि तिच्या ओठांवरून फिरवला.

मनगट धरायला हवं होतं. चष्मेवालीला ते कळत होतं. पण धरलं तर आई ओरडणार, आणि एकदा ओरडायला लागली की आजचा दिवस गेला. आणि खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. इतक्या महिन्यांत आईनं तिला हात लावला नव्हता. ती जवळ गेली की आई अंग चोरून घ्यायची. आता तीच आई एका हातानं तिची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं तिचं तोंड पुसत होती, लहानपणी पुसायची तसं, रागानं आणि मायेनं. चष्मेवालीच्यानं ते थांबवलं गेलं नाही.

ओठ पुसून झाले. "गालालाही आहे," आई म्हणाली आणि गाल पुसला. "डोळ्यांनाही? काय गं तू पोरी, जीव घेशील माझा." टॉवेल नारिंगी झाला, मग तपकिरी झाला. कपाळ पुसलं. एक भुवई गेली. दाराच्या फटीतून पार्लरवाली हातांनी खुणा करत होती, थांबव, थांबव. आईनं टॉवेल पुन्हा बुडवला आणि कानशिलावरून जोरात ओढला. पट्टी सुटली. दोरा सटकन मागे गेला आणि उजवा गाल खाली आला.

आईचा हात हवेतच राहिला.

चष्मेवाली हलली नाही. आपल्या तोंडावर कोण वर आलंय हे तिला आरशाशिवाय दिसत होतं. आता मान खाली जाईल. आता "हो सासूबाई" म्हणेल. दोन चमचे, बस्स, एवढंच जमलं आपल्याला. करायला गेलो एक आणि आईच्या हातानंच तिची पोर पुसून टाकली.

आईनं टॉवेलकडे पाहिलं. मग शेजारच्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. मान खाली गेली नाही.

"माझी पोर कुठेय?"

"आई..."

"आत्ता इथे होती. माझ्या हाताखाली होती. काय केलंत तिचं?" आणि आई उभी राहिली. कामवाल्या बाईनं धरल्याशिवाय जी कितीतरी दिवस उठली नव्हती, ती पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. सगळं अंग थरथरत होतं, आवाज मात्र नाही. "बोला ना! आता का गप्प? सासूबाई, तुम्ही ऊठ म्हणालात मी उठले, बस म्हणालात मी बसले. माझं सोडा, मी मेले तरी चालेल. पण पोरीला हात लावायचा नाही. तिला डॉक्टर व्हायचंय. ती जाणार. मी पाठवणार तिला. तुम्ही दारात आडव्या पडलात ना, तरी तुम्हाला ओलांडून जाईल माझी पोर!"

हेच. हेच एक वाक्य ऐकायला चष्मेवाली वीस वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून उभी होती. त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं नाही, आणि मग तिनं वाट पाहणं सोडून दिलं होतं. आई इतकी वर्षं ते गिळून बसली होती, आणि आज बोलली ती नेमकी हिलाच, सासू समजून. गळ्यात पडून सांगावं, आई, ऐकलं गं मी, तुझी पोर ऐकतेय. पण ते सांगून उपयोग नव्हता. "मीच तुझी पोर" हे तिनं महिनोन्महिने सांगून पाहिलं होतं. ते म्हटलं की मान खाली जाते आणि तोंड मिटतं. आत्ता मान वर होती.

तिनं दुसरी पट्टीही ओढून काढली. पाठ वाकवली. आणि जमादारणीचा तो कोरडा, घशातला आवाज काढला. काढावा लागलाच नाही, तो तिच्याकडे होताच.

"गेली ती."

"कुठे?"

"शिकायला. मीच पाठवलं."

आईनं डोळे बारीक केले. "तुम्ही? तुम्ही पाठवलं?"

"हो." पुढचा शब्द त्या म्हातारीनं मरेपर्यंत तोंडातून काढला नव्हता. चष्मेवालीनं तो तिच्या वतीनं काढला. "चुकलं होतं माझं."

कठड्यावरची बोटं हळूहळू सैल झाली.

"तोंड पुसून गेली ना?"

"पुसून गेली."

"रडत होती?"

"नाही. हसत गेली. जाताना म्हणाली, आईला जेवायला घाला."

आई खाली बसली. तिनं गाऊन गुडघ्यांवर सारखा केला, टॉवेलची घडी घातली आणि घडी मांडीवर ठेवली. मग मान ताठ करून म्हणाली, "मग घाला की. बघत काय बसलात?"

चष्मेवालीनं वाटी उचलली. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा उघडा, एक भुवई जाड आणि एक नाही, अशा अवतारात ती चमचा भरत होती आणि आई तोंड उघडत होती. एकही घास मागे फिरला नाही. दाराबाहेर पार्लरवालीच्या स्वतःच्या डोळ्यांचं काजळ गालांवर ओघळलं होतं. बाहेर उजेड संपत आला तरी आई घाबरली नाही. उद्या नळी नव्हती, हात मोकळे राहणार होते. आणि उद्यापासून चष्मेवालीला रोज आजी व्हावं लागणार होतं. आईच्या लेखी पोर शिकायला गेली, आता ती परत यायची नाही, हे चष्मेवालीला पक्कं कळलं होतं. तिला आनंद झाला आणि तिचं काळीजही तुटलं. दोन्ही एकदमच झालं.

वाटी तळाला आली तेव्हा आईनं हात आडवा केला. घास तोंडात घोळवला, गिळला, आणि सासूच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली,

"मीठ कमी आहे."

"आणते," चष्मेवाली म्हणाली आणि मीठ आणायला उठली.